सॉलिसिटरचं मौन आणि ३१ मार्चची मुदत: हॅरोमधल्या एका फ्लॅटखरेदीचं प्रकरण

लंडनच्या वायव्येला हॅरो आहे. तिथल्या एका तीन मजली इमारतीतला दोन बेडरूमचा लीजहोल्ड फ्लॅट (म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा; इमारतीचा मूळ मालक, फ्रीहोल्डर, वेगळा), किंमत ४,१०,००० पौंड. घेणारं जोडपं मराठी. तो मिरज तालुक्यातला, आयटीत. ती नाशिकची, रुग्णालयात फार्मासिस्ट. दोघांचंही आयुष्यातलं पहिलं घर. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्यांची ऑफर मान्य झाली आणि किल्ल्या हातात पडल्या २८ मार्च २०२५ ला, शुक्रवारी. पुढच्या सोमवारी, ३१ मार्चला, स्टॅम्प ड्यूटीची वाढीव सवलत संपणार होती.

या खरेदीत कोणी कोणाला फसवलं नाही. कर्ज नाकारलं गेलं नाही, इमारतीत काही भयंकर निघालं नाही. तरीही ती अगदी कडेलोटापर्यंत गेली, कारण त्यांची सॉलिसिटर फर्म, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम पाहणारी वकिलांची फर्म, आठवडेच्या आठवडे गप्प होती. सगळा पत्रव्यवहार त्यांनी मला वाचायला दिला आणि नावं न देण्याच्या अटीवर लिहायलाही सांगितलं. फर्मचंही नाव इथे नाही. इथे नव्याने घर घेणाऱ्या किती मराठी कुटुंबांना हाच अनुभव येतो ते मी वर्षानुवर्षं पाहतोय, म्हणून हे प्रकरण नीट मांडतो.

मुदत कसली होती

सप्टेंबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्यांना ४,२५,००० पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी शून्य होती. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा पुन्हा ३,००,००० वर येणार होती. त्याच्या वरच्या रकमेवर ५ टक्के. (किंमत ५,००,००० च्या वर गेली तर पहिल्या घराची सवलतच नाही.) म्हणजे या फ्लॅटवर ३१ मार्चपर्यंत कर शून्य आणि दुसऱ्या दिवसापासून ५,५०० पौंड. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात मुदतवाढ मिळेल अशी अनेकांना आशा होती. ती मिळाली नाही. शिवाय यात करारावर सही कधी झाली याला महत्त्व नाही, व्यवहार पूर्ण कधी झाला ती तारीख धरतात. पैसे पोचून किल्ल्या मिळतात, तो दिवस.

दुसरी मुदत बँकेची. मॉर्गेज ऑफर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली होती आणि सहा महिने चालणार होती. ती संपली असती तर नव्याने अर्ज करावा लागला असता, त्या दिवशीच्या व्याजदराने.

आपल्याकडची सवय इथे चालत नाही

महाराष्ट्रात घर ठरलं की आपण विसार देतो, साठेखत करतो, सब-रजिस्ट्रारकडे जाऊन अंगठे उमटवतो. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली म्हणजे कायद्याने काहीच झालेलं नसतं. दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरनी करारांची अदलाबदल केली, म्हणजे एक्सचेंज झालं, आणि सहसा किमतीच्या १० टक्के रक्कम भरली गेली, की मग व्यवहार बंधनकारक होतो. तोवर विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि घेणाराही माघार घेऊ शकतो. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, ती इथे लागू नाही.)

या जोडप्याचे जवळपास साडेसहा महिने या अधांतरी अवस्थेत गेले. सर्व्हेचे, सर्चचे (मालमत्तेच्या सरकारी नोंदी तपासण्याचे), मॉर्गेजचे म्हणजे गृहकर्जाचे पैसे खर्च झालेले, भाड्याच्या घराचा करार संपत आलेला, आणि हातात कायद्याने काही नाही. अशा वेळी सॉलिसिटर बोलत नसेल तर माणसाची झोप उडते. यात काही अतिशयोक्ती नाही.

फर्म कशी निवडली गेली

एस्टेट एजंटने सुचवली म्हणून. एजंटला त्याबद्दल फर्मकडून कमिशन मिळणार होतं, आणि ते कागदावर लिहिलेलंही होतं. यात बेकायदा काही नाही. पण ही मोठी, दुसऱ्या शहरातली, ठरावीक फीमध्ये ढिगाने कामं घेणारी फर्म होती. त्यांची फाइल जिच्याकडे होती ती सॉलिसिटर नव्हती, केस हँडलर होती. वर देखरेखीला सॉलिसिटर होता, पण त्याचं नाव फक्त पहिल्या पत्राच्या तळाशी.

अशा फर्ममध्ये हँडलरकडे एका वेळी ढीगभर फाइली असतात आणि कामाची रीत एकच: आज टपालात काय आलं ते उघडायचं, उत्तर द्यायचं, पुढची फाइल घ्यायची. ज्या फाइलवर काही आलं नाही ती उघडलीच जात नाही. फी ठरलेली असल्यामुळे ग्राहकाला फोन करून परिस्थिती सांगण्यात फर्मला काही मिळत नाही. माणसं वाईट नसतात. रचना अशी असते की गप्प राहणं त्यांना स्वस्त पडतं. हे एकदा समजलं की चिडायचं कोणावर आणि विचारायचं काय, दोन्ही बदलतं.

नाशिकहून आलेले पैसे

पहिला विलंब इथे झाला, आणि भारतातून पैसे आणणाऱ्या प्रत्येकाने हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

तिच्या वडिलांनी २०,००० पौंड, तेव्हाच्या दराने साधारण साडेएकवीस लाख रुपये, भेट म्हणून द्यायचं ठरवलं. सहकारी बँकेतली मुदत ठेव मोडली, रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत वळवली आणि तिथून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) पाठवली. त्या आर्थिक वर्षात सात लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ वसूल करायचा आयकर, कापला जायचा. म्हणजे बाबांचे जवळजवळ २ लाख ९० हजार रुपये आयकर विवरणपत्र भरेपर्यंत अडकले. हे त्यांना आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

इथल्या मनी लाँडरिंग नियमांनुसार पैसा कुठून आला हे सॉलिसिटरला तपासावंच लागतं, आणि भेटीची रक्कम असेल तर बँकेलाही कळवावं लागतं. तक्रार तपासणीबद्दल नव्हतीच. तक्रार होती ती तुकड्यातुकड्याने विचारण्याबद्दल. आधी भेटपत्र मागितलं: हे कर्ज नाही, घरावर माझा हक्क नाही, असं वडिलांनी लिहून द्यायचं. दोन आठवड्यांनी वडिलांचं ओळखपत्र. मग खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. मग ठेव मोडल्याची पावती, जी मराठीत होती, म्हणून तिचं प्रमाणित भाषांतर. मग ठेवीत पैसे आले कुठून? तर निवृत्तीच्या वेळच्या ग्रॅच्युइटीतून; त्याचं पत्र.

शेवटच्या मागणीला बाबा वैतागले. "अगं, मी काय चोरीचे पैसे पाठवतोय का?" तिने समजावलं, "बाबा, तुमच्यावर संशय नाही हो. इथे कायद्यानेच विचारावं लागतं." त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रॅच्युइटीच्या पत्राचा फोटो पाठवला. एका कोपऱ्यात चष्म्याची सावली पडलेली. फर्मने तो फोटो अस्पष्ट म्हणून परत पाठवला आणि त्यात आणखी नऊ दिवस गेले.

हे सगळं पहिल्याच दिवशी एका गठ्ठ्यात देता येतं. निवृत्तीची रक्कम, ठेव, मोडलेली ठेव, मधलं खातं, इथलं खातं असा पैशाचा प्रवास एका पानावर तारखांसह लिहायचा आणि प्रत्येक टप्प्याचा स्कॅन केलेला पुरावा क्रमाने जोडायचा. विचारेपर्यंत थांबायचं नाही.

याच काळात नवऱ्याचा एक प्रश्न अनुत्तरित होता: गावाकडच्या जमिनीमुळे सवलत जाते का? पहिल्या घराची सवलत मिळायला जगात कुठेही, वारशाने का होईना, राहत्या घरात मालकी हक्क आलेला नसावा लागतो, आणि हे दोन्ही खरेदीदारांना लागू असतं. वडील गेल्यावर सातबारावर त्याचं नाव लागलं होतं. ती शेतजमीन होती, तिच्यावर घर नव्हतं; गावातलं राहतं घर आधीपासून आईच्या नावावर. त्यामुळे सवलत जात नव्हती. पण वाड्यात किंवा वडिलांच्या फ्लॅटमध्ये वारस म्हणून नाव लागलं असतं तर गेली असती, आणि हिस्सा मोठा असता तर जादा घराचा अधिभारही लागू शकला असता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तो ३ वरून ५ टक्क्यांवर गेला होता. हँडलरने या ई-मेलला उत्तरच दिलं नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांची नावं गावाकडच्या घराला अशीच लागलेली असतात. हा प्रश्न फोनवर सोडू नये, लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावं.

"काही अपडेट?"

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याने पाठवलेले ई-मेल मी वाचले. बहुतेकांत एकच ओळ: काही अपडेट आहे का? आणि उत्तर आलंच तर ठरलेलं: आमच्या चौकशांच्या उत्तरांची वाट पाहतोय, आली की कळवू.

हे उत्तर खोटं नव्हतं, पण त्यातून काहीच कळत नव्हतं. कोणत्या चौकशा? किती? कोणाकडे? कधीपासून? "अपडेट आहे का" या प्रश्नाला "नाही" हे पूर्ण आणि खरं उत्तर आहे, म्हणून तेच मिळत राहतं.

नाताळच्या आधी त्याचा धीर सुटला. खिडक्या बदलल्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्याकडे नव्हतं, आणि हा मुद्दा बाकी आहे एवढं त्याला कळलं होतं. तेव्हा आपणच कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, फोन करून विचारावं असं त्याच्या मनात आलं. सुदैवाने आधी त्याने मला विचारलं. अशा त्रुटीवर सहसा एक छोटी विमा पॉलिसी काढून मार्ग काढतात आणि तिचा खर्च बहुधा विकणारा करतो. पण घेणाऱ्याने त्याबद्दल आधीच कौन्सिलशी बोलून ठेवलं असेल तर विमा कंपनी पॉलिसी नाकारू शकते. सॉलिसिटर गप्प आहे म्हणून त्याचं काम स्वतः करायला जाणं काही ठिकाणी असं महागात पडतं.

कागद नेमका कुठे होता

जानेवारीत तिने सूत्रं हातात घेतली. सॉलिसिटरचा नाद तात्पुरता सोडून तिने एस्टेट एजंटच्या ऑफिसला फोन लावला आणि व्यवहार पुढे सरकवण्याचं काम ज्या बाईंकडे होतं त्यांना मागितलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: तुमचा सॉलिसिटर फक्त समोरच्या सॉलिसिटरशी बोलतो. एजंट मात्र विकणाऱ्याशी, त्याच्या सॉलिसिटरशी, साखळीतल्या पुढच्या घराच्या (म्हणजे विकणारा स्वतः घेत असलेल्या घराच्या) एजंटशी, सगळ्यांशी बोलू शकतो, आणि व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय त्याचं कमिशन सुटत नाही. एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो हे खरं. किमतीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. पण वेगाच्या बाबतीत त्याचा आणि तुमचा स्वार्थ एकच असतो.

दोन दिवसांत त्या बाईंचा फोन आला. लीजहोल्ड फ्लॅट विकताना इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटकडून माहितीचा संच घ्यावा लागतो: सर्व्हिस चार्ज, राखीव निधी, इमारतीचा विमा, येऊ घातलेली मोठी कामं. त्याला काही शे पौंड फी असते आणि ती विकणाऱ्याने भरायची असते. विकणाऱ्याने भरलीच नव्हती. त्याच्या सॉलिसिटरने ऑक्टोबरात एकदा मागितली होती, मग फाइल बाजूला ठेवली. आपल्या फर्मची हँडलर संचाची वाट पाहत होती. मॅनेजिंग एजंट पैशांची वाट पाहत होता. विकणाऱ्याला वाटत होतं, घेणाऱ्याच्या बाजूने उशीर होतोय. अडीच महिने चौघेही वाट पाहत बसले होते आणि प्रत्येकाच्या दृष्टीने दोष दुसऱ्याचा होता.

एजंटच्या बाईंनी विकणाऱ्याला सांगितलं आणि फी त्याच संध्याकाळी भरली गेली.

तीन आठवड्यांनी संच आला. त्यात छताच्या दुरुस्तीची नोटीस होती. कोणत्याही एका फ्लॅटवर २५० पौंडांहून जास्त बोजा पडणार असेल तर फ्लॅटधारकांना अशी आगाऊ नोटीस द्यावी लागते. या फ्लॅटच्या वाट्याला सुमारे ४,२०० पौंड येणार होते. म्हणजे तो संच निव्वळ औपचारिकता नव्हता. घाईघाईत त्याच्याशिवाय पुढे गेले असते तर हे पैसे यांच्या खिशातून गेले असते. शेवटी ती रक्कम विकणाऱ्याच्या पैशातून त्याच्या सॉलिसिटरकडे राखून ठेवायचं ठरलं.

हँडलर नोकरी सोडून गेली होती

संच आल्यावरही फर्मकडून हालचाल नाही. ई-मेलला स्वयंचलित उत्तर येत होतं, फोन कॉल सेंटरला जात होता. फेब्रुवारीच्या मध्यावर एका कर्मचाऱ्याने सहज सांगितलं की हँडलर बाई महिन्याच्या सुरुवातीलाच नोकरी सोडून गेल्या. फाइल कोणाकडेच नव्हती. ग्राहकाला एका ओळीने कळवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात अक्षम्य वाटतं ते हेच.

फर्म बदलावी का, यावर त्या रात्री बरीच चर्चा झाली. माझं मत होतं, आता नाही. नव्या फर्मला ओळख आणि पैशाचा उगम पहिल्यापासून तपासावा लागला असता. ती फर्म कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीत असावी लागते आणि बँकेला नव्याने सूचना द्याव्या लागतात. जुन्या फर्मचं झालेल्या कामाचं बिल चुकतं होईपर्यंत ती फाइल अडवून ठेवू शकते. डिसेंबर असता तर मी बदला म्हटलं असतं.

त्याऐवजी तिने औपचारिक तक्रार लिहिली. ती वाचून मला फार समाधान वाटलं, कारण तिच्यात राग कुठेही नव्हता आणि एकही वाक्य वाया गेलेलं नव्हतं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता:

"विषय: औपचारिक तक्रार, फाइल क्रमांक अमुक. ही तक्रार तुमच्या तक्रार निवारण पद्धतीनुसार नोंदवावी. आमची फाइल सध्या कोणाकडे आहे, त्या व्यक्तीचं नाव आणि थेट फोन नंबर कळवावा. कोणत्या चौकशा बाकी आहेत, प्रत्येक कोणाकडे आहे आणि शेवटचं स्मरणपत्र कोणत्या तारखेला गेलं, याची यादी द्यावी. आमची मॉर्गेज ऑफर एप्रिलच्या सुरुवातीला संपते. ३१ मार्चपर्यंत व्यवहार पूर्ण न झाल्यास आम्हाला ५,५०० पौंड कर भरावा लागेल, हे आम्ही याद्वारे लेखी कळवत आहोत."

ई-मेल फर्मच्या तक्रारी पाहणाऱ्या भागीदाराला आणि देखरेखीच्या सॉलिसिटरला गेला. दोघांची नावं सप्टेंबरातल्या पहिल्या पत्रात होती. ते पत्र कोणी वाचत नाही, पण तक्रार कुठे करायची ते फर्मला त्यात लिहावंच लागतं. शेवटच्या वाक्याचं वजन मोठं होतं. नुकसानीचा आकडा आणि तारीख आधी लेखी कळवलेली असली की नंतर "आम्हाला कल्पना नव्हती" असं फर्मला म्हणता येत नाही.

तक्रारीचं अंतिम उत्तर द्यायला फर्मला आठ आठवडे मिळतात. त्यानंतर, किंवा उत्तराने समाधान झालं नाही तर, लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे कायदेशीर सेवांच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं. अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत. विलंब, उत्तर न देणं, चुकीचं बिल या सेवेच्या तक्रारी तिथे जातात. सॉलिसिटरांची नियामक संस्था, सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, पाहते ती अप्रामाणिकपणा आणि नियमभंगाची प्रकरणं. अनेक जण रागाच्या भरात थेट तिथे लिहितात आणि आठवडे फुकट घालवतात. लायसन्स्ड कन्व्हेयन्सरचा, म्हणजे फक्त मालमत्ता व्यवहारांचं काम करणाऱ्या परवानाधारकाचा, नियामक निराळा असतो, पण सेवेच्या तक्रारीला ओम्बड्समन तोच.

दुसऱ्या दिवशी एका अनुभवी सॉलिसिटरचा फोन आला. फाइल आता माझ्याकडे आहे, म्हणाल्या. यादीही आली: चार मुद्दे बाकी. त्यातले दोन आधीच सुटलेले होते, फक्त फाइलवर कोणी नोंद केली नव्हती.

मार्च

तिथून पुढे दर मंगळवारी ती एक छोटा ई-मेल पाठवायची: बाकी मुद्दे, प्रत्येकासमोर कोणाकडे आणि कधीपासून. एजंटलाही तीच यादी जायची. १८ मार्चला एक्सचेंज झालं, कम्प्लिशनची, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याची, तारीख २८ ठरली. बँकेकडून कर्जाची रक्कम मागवायला काही कामकाजाचे दिवस लागतात, म्हणून मध्ये एवढं अंतर.

पैसे पाठवायच्या दिवसांत एक काळजी मात्र घ्यावीच लागते. फर्मचं बँक खातं बदललंय असा बनावट ई-मेल पाठवून आयुष्यभराची पुंजी लुबाडल्याचे प्रकार या देशात झाले आहेत, आणि उत्तरासाठी आसुसलेला माणूस आलेल्या कोणत्याही ई-मेलवर विश्वास ठेवतो. तिने पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून खातेक्रमांक अंकाअंकाने पडताळला, आधी छोटी रक्कम पाठवली, पोचल्याची खात्री केली आणि मगच बाकीचे पैसे सोडले.

तक्रारीचं उत्तर एप्रिलमध्ये आलं: दिलगिरी आणि फीमधून २५० पौंड परत. कर वाचलेला असल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान थोडं होतं. त्यांनी ते स्वीकारलं, ओम्बड्समनकडे गेले नाहीत. मला ते योग्य वाटतं.

किल्ल्या मिळाल्या तरी सॉलिसिटरचं काम संपत नाही. कर शून्य असला तरी चौदा दिवसांत विवरणपत्र भरून सवलत मागावी लागते, लँड रजिस्ट्रीत नाव लावावं लागतं, आणि लीजहोल्ड असेल तर मालक बदलल्याची नोटीस फ्रीहोल्डरला किंवा मॅनेजिंग एजंटला द्यावी लागते. पहिल्या दोन गोष्टी वेळेत झाल्या. तिसरी राहिली. मे महिन्यात सर्व्हिस चार्जचं बिल जुन्या मालकाच्या नावाने आलं, तेव्हा ते लक्षात आलं. तिने फर्मला एकच ई-मेल लिहिला: नोटीस कोणत्या तारखेला दिली, त्याची पोच पाठवा. नोटीस त्याच आठवड्यात गेली आणि पोचही आली. रजिस्ट्रीत नाव लागलं की नाही हे त्यांनी फर्मला विचारलंच नाही. सात पौंड भरून उतारा स्वतःच डाउनलोड केला. दोघांची नावं बरोबर आहेत, फक्त त्याच्या मधल्या नावात, म्हणजे वडिलांच्या नावात, एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायचं काम सध्या चालू आहे.